झिओलाइट घेताय? आधी गोठ्यात टाका, मग रानात

कृषी सेवा केंद्रात गेलं की युरिया आणि गंधकाच्या पोत्यांशेजारी हल्ली पांढरट-हिरवट दाण्यांची एक पिशवी दिसते. वर ठळक अक्षरांत झिओलाइट, आणि खाली बरंच काही: जमीन भुसभुशीत, पाण्याची बचत, खताची बचत, मुळ्या जोमदार, बुरशीला आळा. यातलं काही खरं, काही अर्धं खरं आणि काही निव्वळ छपाई. ज्यांनी ती पिशवी अजून घेतली नाही, किंवा घेऊन आखाड्यावर ठेवून दिली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: मराठवाड्यातल्या शेतकऱ्यानं झिओलाइट वापरायचंच असेल तर सुरुवात गोठ्यातून करावी. तिथून ते उकिरड्यात जावं आणि शेवटी खताबरोबर रानात. दुकानातून थेट काळ्या वावरात फेकलं तर पैसे मातीत गेले म्हणून समजा.

हा दगड नेमकं करतो काय

झिओलाइट हे एकाच खनिजाचं नाव नाही, ते एक मोठं कुटुंब आहे. सिलिका आणि ॲल्युमिना यांच्या जाळीदार सांगाड्यानं बनलेली ही खनिजं. १७५६ मध्ये ॲक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं असा एक दगड तापवला, तेव्हा त्यातून वाफ निघून तो फसफसला. ते पाणी सांगाड्याच्या आतल्या बोगद्यांत बसलेलं होतं. हे बोगदे इतके अरुंद असतात की एका मिलिमीटरमध्ये असे वीसेक लाख बोगदे शेजारी शेजारी मावतील. जिवाणूही आत शिरू शकत नाही. पाण्याचे रेणू आणि काही विशिष्ट आयन तेवढे आत-बाहेर करतात.

सांगाड्यात जिथं ॲल्युमिनिअम आहे, तिथं ऋणभार तयार होतो. तो भार सांभाळायला सोडिअम, पोटॅशिअम, कॅल्शिअम असे धनभारित आयन आत बसलेले असतात, पण ते पक्के चिकटलेले नसतात. एसटीच्या गाडीत एक प्रवासी उठला की त्या जागी दुसरा बसतो, तसा हा कारभार आहे. फक्त इथं कंडक्टरची काही प्रवाशांवर विशेष मर्जी असते. शेतीसाठी सर्वांत जास्त विकल्या जाणाऱ्या क्लिनोप्टिलोलाइट या झिओलाइटला पोटॅशिअम आणि अमोनिअम फार आवडतात. सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम त्या मानानं मागे. अमोनिअम म्हणजे शेण-मूत्र आणि युरियातल्या नत्राचं मधलं रूप. उडून जाऊ पाहणारं हे नत्र हा दगड धरून ठेवतो. झिओलाइटचा शेतीतला बहुतेक उपयोग या एका गुणातून निघतो.

आता क्षमता बघू. बाजारातलं बरं क्लिनोप्टिलोलाइट १०० ग्रॅममध्ये १०० ते १८० मिलिइक्विव्हॅलंट (आयनांचा भार मोजायचं एकक) एवढे आयन बदलून घेतं. १५० धरलं तर एका किलोत जास्तीत जास्त २१ ग्रॅम नत्र बसतं, आणि तेही सगळ्या जागा अमोनिअमला मिळाल्या तर. म्हणजे एक टन झिओलाइट अगदी भरगच्च भरलं तरी त्यात २१ किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीतही जवळपास तेवढंच असतं. पिशवीवर काहीही छापलेलं असो, हे खत नाही. खत धरून ठेवण्याची जागा आहे, एवढंच.

विहिरीत निघालेला चकाकता दगड चालेल का

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि का येतो ते उघड आहे. मराठवाडा जवळजवळ सगळा बेसाल्टवर बसलाय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यांत वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढं खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्यानं त्या पोकळ्या भरून काढल्या. विहीर खोदताना काळा पाषाण संपून मांजऱ्या लागला की त्यातले पांढरे, गुलाबी, हिरवट ठिपके म्हणजे त्या भरलेल्या पोकळ्या. त्यांत स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट अशी झिओलाइटं असतात. सोबत अपोफिलाइट आणि गारगोटीही सापडते, पण ती झिओलाइट नव्हेत. अजिंठा-वेरूळला फेरीवाले स्फटिक पुढं करतात, ते याच खडकांच्या पोकळ्यांतले.

हे दगड कुटून शेतात किंवा गोठ्यात टाकायचे नाहीत. एक तर खडकात त्यांचं प्रमाण थोडं असतं, वेगळं काढण्याची मजुरीच परवडत नाही. दुसरं, शेतीत उपयोगी पडणारं क्लिनोप्टिलोलाइट मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेच्या जाड थरांत तयार होतं. आपल्याकडच्या ह्युलँडाइटचा सांगाडा तसाच असतो, पण त्यात सिलिका कमी असल्यानं तो उष्णतेत लवकर मोडतो.

तिसरं कारण सर्वांत मोठं आहे, ते म्हणजे धूळ. झिओलाइटांच्या कुटुंबात एरिओनाइट नावाचं एक तंतुमय खनिज आहे. तुर्कस्तानातल्या कापादोकिया भागात करायन, तुझकॉय अशा गावांत पिढ्यानपिढ्या त्याची धूळ श्वासावाटे जाऊन फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर झाला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं एरिओनाइटला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकलंय. विहिरीच्या दगडातली सुई स्कोलेसाइटची आहे की आणखी कशाची, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यामुळे कुटणं नकोच. चांगला स्फटिक निघाला तर अख्खा जपा. आपल्या खडकांतून काय काय निघतं हे पाहायचं असेल तर नाशिक जिल्ह्यात सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन या.

विकत घेताना

दुकानदाराकडे चाचणी अहवाल मागा. अहवालात चार गोष्टी हव्यात: खनिजाचं नाव, त्याचं प्रमाण टक्क्यांत (ही क्ष-किरण विवर्तन चाचणी असते), आयन-विनिमय क्षमता, आणि मुख्य आयन कोणता. नुसतं “नैसर्गिक झिओलाइट” लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. चौथ्या मुद्द्याकडे लोक बघत नाहीत, पण तो आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. सोडिअमनं भरलेलं झिओलाइट अमोनिअम घेताना सोडिअम बाहेर सोडतं. ज्यांच्या बोअरचं पाणी मचूळ आहे, किंवा जायकवाडीच्या कालव्याखाली ज्यांची जमीन चोपण (सोडिअम वाढून घट्ट झालेली) होऊ लागली आहे, त्यांनी कॅल्शिअम किंवा पोटॅशिअमचंच घ्यावं.

पिशवी घरी आल्यावर तीन साध्या परीक्षा करता येतात.

एक: मूठभर दाणे तव्यावर मध्यम आचेवर अर्धा तास तापवा आणि झाकणाच्या डब्यात बंद करून गार होऊ द्या. पूर्ण गार झाले की एका वाटीत काढून थोडं पाणी टाका. बुडबुडे निघतात, बारीक चरचर ऐकू येते आणि वाटी हाताला कोमट लागते. पाणी पुन्हा बोगद्यांत शिरताना उष्णता बाहेर पडते, तिची ही खूण.

दोन: दाणे रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगून बुळबुळीत झाले तर ते बेंटोनाइट, म्हणजे फुगणारी चिकणमाती आहे. झिओलाइटचा दाणा फुगत नाही, बोटांत दाबून विरघळत नाही.

तीन: लिंबाचा रस पिळा. जोरात फेस आला तर चुनखडीचा भाग आहे.

या परीक्षांनी भलताच माल ओळखू येतो, शुद्धता मात्र कळत नाही. चार-पाच पोत्यांच्या वर खरेदी असेल तर अहवालाशिवाय पैसे देऊ नका, आणि पक्की पावती घ्या.

जाडीचं म्हणाल तर गोठा, कोंबड्या, कुंड्या यांसाठी १ ते ३ मिलिमीटरचा दाणा बरा. भुकटी स्वस्त मिळते आणि कामही लवकर करते, पण तिची धूळ उडते. हाताळताना तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा, आणि शक्य असेल तिथं आधी पाणी शिंपडून ओली करा. क्लिनोप्टिलोलाइट एरिओनाइटसारखं तंतुमय नसतं, पण त्यात गारगोटीचे बारीक कण असू शकतात आणि ते फुप्फुसाला चांगले नाहीत.

गोठा: इथंच सुरुवात करा

सकाळी बंद गोठ्यात शिरल्यावर डोळे चुरचुरतात, तो अमोनिया. मूत्रातल्या युरियाचं शेणातले जिवाणू काही तासांत अमोनियात रूपांतर करतात. तुम्ही खताचं जे नत्र विकत आणता, तेच इथं फुकट हवेत उडत असतं.

झिओलाइट टाकण्याआधी गोठ्याचा उतार आणि नाली बघा. मूत्र साचून राहत असेल तर कोणताही दगड उपयोगाचा नाही. नाली वाहती असावी, आणि जनावरांखाली कडब्याचं चघळ किंवा सोयाबीनचं कुटार कोरडं अंथरलेलं असावं.

मग शेण काढून झाल्यावर जिथं मूत्र पडतं त्या पट्ट्यात आणि नालीच्या तोंडाशी दाणे पसरायचे. मोठ्या जनावरामागे दिवसाआड अर्धा किलोपासून सुरुवात करा. वासात फरक पडतो का ते आठ दिवस बघा आणि मग कमी-जास्त करा. देवणी किंवा लाल कंधारी गाईला जेवढं लागेल, त्याहून बरंच कमी उस्मानाबादी शेळीला लागतं. शेळ्यांच्या वाड्यात कोपऱ्यांत टाकलं तरी पुरतं.

अपेक्षा किती ठेवायची? एका गाईचं दिवसाचं मूत्र दहा लिटर आणि त्यात ७०-८० ग्रॅम नत्र धरा. किलोला २१ ग्रॅमच्या हिशेबानं ते सगळं पकडायला रोज चार किलो झिओलाइट लागेल. त्यात मूत्रात पोटॅशिअम भरपूर असतं आणि क्लिनोप्टिलोलाइट त्याला अमोनिअमच्याही आधी जागा देतं. म्हणजे सगळं नत्र वाचणार नाही. उडणाऱ्यातला एक भाग वाचेल, वास कमी होईल, जमीन कोरडी राहील, माश्या कमी होतील. आणि तो पोटॅशिअमही वाया जात नाही, तो पुढं पिकालाच मिळतो.

एक गोष्ट मात्र टाळाच: झिओलाइटबरोबर चुना टाकू नका. आपल्याकडे गोठ्यात, कोंबड्यांच्या शेडमध्ये चुना मारायची सवय आहे. चुन्यानं सामू (पीएच) वाढतो आणि अमोनिअमचा अमोनिया वायू होऊन उडून जातो. झिओलाइट धरतं अमोनिअम, आणि तुम्ही त्याचाच वायू करून टाकता. चुना मारायचा तर शेड रिकामं असताना मारावा.

कोंबड्या

तत्त्व तेच, घाई जास्त. शेडमधल्या हवेत अमोनिया २५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५ भागांच्या) वर गेला की पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनलिका बिघडतात. भुसा किंवा तूस अंथरताना त्यात दाणेदार झिओलाइट मिसळा आणि पाण्याच्या भांड्यांभोवती थोडं जास्त टाका, कारण गादी तिथं सर्वांत आधी ओली होते. भुकटी इथं अजिबात नको. पडदे उघडून हवा खेळती ठेवणं आणि गळकी निपल दुरुस्त करणं ही कामं झिओलाइटच्या आधीची आहेत.

उकिरडा आणि गांडूळखत

गोठ्यातलं झिओलाइट शेणाबरोबर आपोआप उकिरड्यात येतं. वेगळं टाकायचं असेल तर ओल्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत टाका. त्याहून जास्त टाकलं तर खर्चाच्या मानानं हाती फारसं लागत नाही. थर लावताना शेण-चघळाच्या प्रत्येक थरावर मूठ-मूठ फेका आणि वरून मातीचा किंवा पाचटाचा थर द्या. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये उघडा उकिरडा पार वाळून जातो आणि त्याचं बहुतेक नत्र तेव्हाच जातं. झाकण, सावली आणि अधूनमधून पाणी यांनी जेवढं वाचतं, तेवढं झिओलाइटनं वाचत नाही. दोन्ही केलं तर उत्तम. गांडूळखताच्या बेडमध्ये दाणे आधी धुऊन टाका, नाहीतर कोरडी भुकटी गांडुळांच्या ओल्या त्वचेला चिकटते.

रान: कुठं द्यायचं, कुठं नाही

आता मुख्य वादाचा मुद्दा. परभणी, नांदेड, हिंगोलीकडची भारी काळी जमीन घ्या. तिच्यातली स्मेक्टाइट चिकणमाती स्वतःच आयन धरून ठेवते. अशा मातीची क्षमता १०० ग्रॅमला ४० ते ६० मिलिइक्विव्हॅलंट असते. एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये अंदाजे नऊ लाख किलो माती असते. तिच्यात २०० किलो झिओलाइट फेकलं तर मातीच्या मूळ क्षमतेत भर पडते ती तिच्या दीड हजाराव्या भागाएवढी. पाण्याचंही तेच. २०० किलो दाण्यांनी आपल्या निम्म्या वजनाएवढं पाणी धरलं असं मानलं तरी ते झालं १०० लिटर. एक एकर पाच सेंटिमीटर भिजवायला दोन लाख लिटर लागतात. त्यातही बोगद्यांतलं पाणी इतकं घट्ट बसलेलं असतं की मुळांना ते ओढून घेता येत नाही. दुष्काळात झिओलाइटनं कापूस तगेल असं कुणी सांगितलं तर त्याच्यापुढं हा हिशेब ठेवा.

फरक पडतो तो हलक्या जमिनीत, आणि तोही मुळाजवळ दिलं तर. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली बरड, मुरमाड माती किंवा गोदाकाठची वाळूसर माती खत धरत नाही. दिलेलं पाण्याबरोबर खाली निघून जातं. अशा ठिकाणी मोसंबी, केसर आंबा, सीताफळ यांच्या खड्ड्यात शेणखताबरोबर एक-दोन किलो झिओलाइट मिसळून भरा. गोठ्यातून आणि उकिरड्यातून आलेलं असेल तर फार चांगलं, कारण ते अमोनिअम आणि पोटॅश घेऊनच येतं. नत्राचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या बोगद्यांत शिरू शकत नाहीत, म्हणून आतलं अमोनिअम हळूहळूच बाहेर येतं. रिकामं झिओलाइट टाकलं तर तुम्ही दिलेल्या खतातलं अमोनिअम आधी तेच घेऊन बसतं.

माती परीक्षण केल्याशिवाय हे काही करू नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्या. तुमची जमीन हलकी आहे की भारी, क्षार किती आहेत, हे कळल्यावर अर्धा प्रश्न तिथंच सुटतो. पहिल्या वर्षी सगळ्या बागेत टाकू नका. एका ओळीत टाका, शेजारची तशीच ठेवा आणि दोन्हींना खत-पाणी सारखंच द्या.

रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये, शेडनेटमधल्या मिश्रणात आणि गच्चीवरच्या कुंड्यांत झिओलाइट रानापेक्षा चांगलं चालतं. कोकोपीट आणि गांडूळखतात आकारमानाच्या ५ ते १० टक्के मिसळा. माती थोडी असल्यानं इथं प्रमाण खरोखर जाणवण्याइतकं होतं.

पाण्यात: मर्यादा ओळखून

सर्वांत जास्त फसवणूक इथं होते. झिओलाइट धनभारित आयन घेतं. नायट्रेट आणि फ्लोराइड ऋणभारित असतात, त्यांना ते हात लावत नाही. नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. ते काढण्यासाठी साधं झिओलाइट घेणं म्हणजे पैसे घालवणं, आणि दुखणं तसंच राहणं. जिवाणूही त्यानं मरत नाहीत. क्षारयुक्त पाणी मऊ करण्यातही क्लिनोप्टिलोलाइट कमी पडतं, कारण कॅल्शिअमची त्याला फारशी ओढ नाही. गढूळपणा काढायला मात्र वाळूच्या गाळणीत वाळूऐवजी ते चांगलं चालतं, आणि उलट पाणी मारून धुताही येतं.

शेततळ्यात मासे असतील तर अमोनियासाठी झिओलाइट विकायला येतात. हिशेब करून बघा. वीस लाख लिटरच्या तळ्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र म्हणजे एकूण दोन किलो झालं. कागदावरच त्याला १०० किलो झिओलाइट लागतं. इतक्या पातळ पाण्यात, त्यातही आपल्या कॅल्शिअमयुक्त पाण्यात, प्रत्यक्षात कितीतरी जास्त लागेल. खाद्य कमी करा, थोडं पाणी बदला, हवा द्या, हे स्वस्त पडतं. घरच्या मत्स्यपेटीत किंवा मासे नेण्याच्या टाकीत मात्र जाळीच्या पिशवीत मूठभर झिओलाइट उत्तम काम करतं. भरलं की लिटरला १०० ग्रॅम साधं मीठ घातलेल्या पाण्यात दिवसभर बुडवून ठेवा आणि स्वच्छ धुऊन पुन्हा वापरा. पेटीत झिओलाइट असताना पाण्यात मीठ टाकू नका, नाहीतर धरलेलं अमोनिअम ते परत सोडून देतं. मिठानं उजळलेलं झिओलाइट पुढं झाडांनाही घालू नका, त्यात सोडिअम भरलेलं असतं.

घरात, आणि पोटात

फ्रिजमध्ये, बुटांच्या कपाटात, मांजराच्या पेटीत कापडी पुरचुंडीत ठेवा. दमटपणा आणि वास ओढतं. उन्हात वाळवलं की ओल जाते, पण धरलेलं अमोनिअम उन्हानं जात नाही. त्याला मिठाचं पाणीच लागतं.

जनावरांच्या खाद्यात ते बुरशीचं विष बांधण्यासाठी मिसळतात. युरोपीय संघानं २०१३ मध्ये गाळाच्या थरांतल्या क्लिनोप्टिलोलाइटला किलोभर खाद्यात १० ग्रॅमपर्यंत परवानगी दिली. ती शुद्धता तपासलेल्या, खाद्यासाठीच्या मालाला आहे. गोठ्यात पसरायची पिशवी गव्हाणीत ओतायची नसते. ओल लागून काळी पडलेली मका झिओलाइट घालून खाऊ घालण्यापेक्षा फेकून द्या, कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधातही उतरतं. तरी द्यायचंच असेल तर पशुवैद्यकाला विचारून, आणि खाद्यासाठीचं असा स्पष्ट शिक्का असलेलंच.

“शरीर शुद्ध करणारं” म्हणून माणसांसाठीही झिओलाइटची भुकटी विकली जाते. ती घेऊ नका. चालू गोळ्या-औषधांपैकी काही हा दगड पोटात धरून बसू शकतो, आणि भुकटीत शिसं किंवा इतर जड धातू किती आहेत हे पाकिटावरून कळत नाही.

उरलेली पिशवी तोंड बांधून कोरड्या जागी, युरियाच्या गोण्यांपासून लांब ठेवा. कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं खराब होत नाही, म्हणून “मुदत संपत आली, लवकर घ्या” म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे लक्ष देऊ नका.